येणाऱ्याजाणाऱ्यांचा हिशेब

दुकान मांडून बसलेल्या माणसाला एक मोठी सोय असते: गिऱ्हाईक त्याच्या डोळ्यांसमोर येतें. तें कोणत्या वेळीं आलें, कोणत्या कपाटापाशीं घोटाळलें, काय विचारून रिकाम्या हातानें परत गेलें, हें त्याला न मोजतांहि समजतें. वाचनालयाच्या ग्रंथपालाचीहि स्थिति तीच. वर्तमानपत्रांच्या टेबलाशीं सकाळीं किती मंडळी बसतात आणि दुपारीं किती, हें सांगण्यासाठीं त्याला नोंदवही उघडावी लागत नाहीं. परंतु हींच माणसें जेव्हां आपलें दुकान किंवा आपलें वाचनालय संकेतस्थळावर अथवा मोबाइल ॲपवर मांडतात, तेव्हां त्यांच्यावर एक विलक्षण आंधळेपण ओढवतें. दार उघडें असतें, लोक येऊन जात असतात, पण मालकाला कोणी दिसत नाहीं. हें आंधळेपण घालविण्यासाठीं जीं साधनें निघालीं आहेत, त्यांना ॲनॅलिटिक्स असें नांव आहे. त्यांपैकीं आपल्या कामाचें कोणतें, हें कसें ठरवावें, एवढाच आजचा विषय आहे.

कल्पनेकरितां एका मध्यम शहरांतील सार्वजनिक वाचनालय डोळ्यांपुढें आणावें. त्याचें स्वतःचें संकेतस्थळ आहे. त्यावर ग्रंथांची सूचि आहे, व्याख्यानांच्या सूचना आहेत, आणि दरमहा मुलांसाठीं तयार होणारी आठ पानांची गोष्टींची पुस्तिका पीडीएफ रूपानें ठेवलेली आहे. या पुस्तिकेसाठीं एक शिक्षिका आणि एक चित्रकार खपतात. त्यांना अल्पसें मानधन द्यावें लागतें. वर्षअखेरीस अंदाजपत्रकाची सभा भरते आणि कोषाध्यक्ष विचारतात, ही पुस्तिका वाचतें कोण? एका उत्साही तरुण सभासदानें फुकट मिळणारें एक साधन सहा महिन्यांपूर्वीं संकेतस्थळावर बसविलेलें असतें. तो आंकडा काढून दाखवितो: मुलांच्या पानावर महिन्याकाठीं चाळीस माणसें आलीं. सभा क्षणभर स्तब्ध होते, आणि पुस्तिका बंद करण्याची सूचना पुढें येते. आतां ही सूचना मान्य व्हावी कीं नाहीं, हें सर्वस्वीं एका प्रश्नावर अवलंबून आहे: तें साधन नेमकें काय मोजीत होतें?

मोजणीच्या मुख्य रीती तीन आहेत. पहिली सर्वांत जुनी. संकेतस्थळ ज्या संगणकावर राहतें, त्या सर्व्हरकडे प्रत्येक पानाची, प्रत्येक चित्राची, प्रत्येक पुस्तिकेची मागणी येते, आणि तो ती एका ओळींत टिपून ठेवतो: मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वाजतां आली, काय मागितलें, आणि तें देतां आलें कीं नाहीं. या ओळी वाचून त्यांचे तक्ते करणारीं साधनें १९९० नंतरच्या दशकांत निघूं लागलीं. ॲनालॉग, वेबअलायझर आणि २००० सालच्या सुमाराचें एडब्ल्यूस्टॅट्स हीं त्यांतलीं प्रसिद्ध नांवें होत. या रीतीचा गुण असा कीं, सर्व्हरपर्यंत पोंचलेली कोणतीहि मागणी तिच्या नजरेंतून सुटत नाहीं, आणि पाहुण्याच्या यंत्रावर कांहींहि ठेवावें लागत नाहीं. दोष असा कीं, शोधयंत्रांचे जे स्वयंचलित दूत इंटरनेटवर अहोरात्र हिंडत असतात, त्यांच्या मागण्याहि माणसांच्या मागण्यांत मिसळून जातात.

दुसऱ्या रीतींत पानाच्या आंतच जावास्क्रिप्टचा एक लहानसा तुकडा घालून ठेवतात. पान वाचकाच्या ब्राउझरमध्यें उघडलें कीं तो तुकडा जागा होतो आणि मोजणाऱ्या संगणकाला वर्दी देतो. तोच वाचक पुन्हां आला तर ओळखूं यावा, म्हणून पुष्कळदां त्याच्या ब्राउझरमध्यें एक खूण ठेवली जाते. तिलाच कुकी म्हणतात. गुगलनें २००५ सालीं अर्चिन नांवाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गुगल ॲनॅलिटिक्स हें साधन फुकट खुलें केलें; तेव्हांपासून ही रीति सर्वत्र पसरली. जाहिरातींच्या दुव्यांच्या शेपटीला आजहि यूटीएम हीं अक्षरें दिसतात. त्यांतला यू हा त्या जुन्या अर्चिनचाच अवशेष आहे. पाहुणा कोठून आला, पानावर किती वेळ रेंगाळला, पुढें कोठें गेला, हें ही रीति चांगलें सांगते. परंतु जो वाचक जाहिराती रोखणारें साधन वापरतो, त्याच्याकडे हा तुकडा बहुधा चालतच नाहीं, आणि तो वाचक हिशेबांतून गळतो.

तिसरी रीति मोबाइल ॲपसाठीं आहे. तेथें पानांपेक्षां कृतींना महत्त्व असतें. ॲप बांधतांनाच मोजणीचा संच त्याच्या आंत गुंफतात. आणि अमुक बटण दाबलें, अमुक धडा पुरा झाला, पैसे भरतां भरतां गिऱ्हाईक परत फिरलें, अशा एकेका घटनेची वर्दी तो संच पाठवितो. गुगलचें फायरबेस, तसेंच मिक्सपॅनेल आणि ॲम्प्लिट्यूड हीं या जातीचीं साधनें आहेत. येथें एक सावधगिरी लागते. संकेतस्थळावर नवी नोंद आज ठरवून आजच सुरू करतां येते; ॲपमध्यें मात्र ती बहुधा पुढच्या आवृत्तींतच येते, आणि ती आवृत्ति लोक आपल्या फोनवर घेतील तेव्हांच बोलूं लागते. म्हणून काय मोजावयाचें, याचा विचार ॲपवाल्यानें आधीं करावा लागतो.

आतां पुन्हां वाचनालयाच्या सभेंत जावें. तरुण सभासदानें बसविलेलें साधन दुसऱ्या जातीचें होतें. तें पानावर आलेल्यांना मोजीत होतें. परंतु मुलांची पुस्तिका लोक पानावर येऊन वाचीत नव्हतेच. एखादी आई ती पहिल्यांदा उघडी, तिचा दुवा व्हॉट्सॲपवरील पालकांच्या गटांत टाकी, आणि बाकीचे पालक त्या दुव्यावरून थेट पीडीएफ उघडीत. पीडीएफमध्यें जावास्क्रिप्टचा तो तुकडा नसतो. त्यामुळें या वाचकांची वर्दी कोणालाच गेली नाहीं. सर्व्हरच्या नोंदवहींत मात्र प्रत्येक मागणीची ओळ पडलेली असते. ती वही उघडली असतां, यंत्रांच्या भेटी वजा घालून आणि एकच पुस्तिका तुकड्यातुकड्यांनीं मागितली गेल्यामुळें पडलेल्या जादा ओळीहि वजा घालून, चाळिसाच्या जागीं कित्येक शेंकडे दिसूं शकतात. चाळीस हा आंकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर होता. साधन न ओळखतां आंकडा वाचला, तर चांगलें काम बंद पडतें आणि तें कां बंद पडलें हें पुढें कोणाला कळतहि नाहीं.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. साधनांची यादी हातीं घेण्यापूर्वीं कागदावर एक वाक्य लिहावें: अमुक आंकडा इतका आला तर आम्ही अमुक करूं, आणि तितका न आला तर तमुक करूं. असें वाक्य लिहितां येत नसेल, तर त्या आंकड्याची गरज नाहीं. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्या संकेतस्थळाला जाहिरातींवरचा खर्च परत येतो कीं नाहीं, हें जाणावयाचें असतें. शाळेला प्रवेशाची माहिती पालकांना सांपडते कीं नाहीं, हें. आणि शिकवणीच्या ॲपला मुलें तिसऱ्या धड्यानंतर कां गळतात, हें. हे प्रश्न निराळे आहेत, म्हणून त्यांचीं साधनेंहि निराळीं असणार.

दुसरा नियम शब्दांविषयीं आहे. सर्व साधनें पाहुणा, भेट, परत फिरणें असेच शब्द वापरतात. पण त्यांचे अर्थ एक नसतात. गुगलच्या जुन्या पद्धतींत, ज्याला बाउन्स म्हणत, तो पाहुणा एकच पान पाहून निघून गेलेला असे. मग त्यानें तें पान अर्धा तास मन लावून वाचलेलें कां असेना. ऑक्टोबर २०२० मध्यें आलेल्या नव्या पद्धतींत, जी भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली, किंवा जींत दोन पानें पाहिलीं गेलीं, किंवा ठरविलेली महत्त्वाची कृति घडली, ती भेट रस घेतलेली समजतात. उरलेल्या भेटी म्हणजे बाउन्स. शब्द तोच, अर्थ पालटला. जुन्या वर्षाचा आंकडा नव्या वर्षाच्या आंकड्याशेजारीं मांडून कोणी सुधारणा झाली म्हणून पेढे वाटले, तर तो आनंद व्याख्येच्या बदलाचा असेल, कामाचा नव्हे. पाहुणा या शब्दाचेंहि असेंच. एकच गृहस्थ कचेरींतील संगणकावर आणि घरच्या फोनवर आला, तर कुकी त्याला दोन पाहुणे समजते. आणि एका फोनवर आजी, सून व नात अशा तिघींनीं वाचलें, तर त्या तिघी मिळून एकच पाहुणा होतात. आपल्याकडे फोन घरांत हातोहात फिरतो, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं पाहुण्यांच्या संख्येला माणसांची संख्या म्हणूं नये.

तिसरा प्रश्न असा कीं, वही राहते कोणाच्या घरीं? गुगलची जुनी पद्धति, जिला युनिव्हर्सल ॲनॅलिटिक्स म्हणत, तिनें १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणें बंद केलें, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्यांतील जुन्या नोंदी पाहण्याची सोयहि बंद होऊं लागली. नोटीस रीतसर दिलेली होती; तरी ज्यांनीं आपले तक्ते वेळींच उतरवून घेतले नाहींत, त्यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी हातच्या गेल्या. नव्या पद्धतींतहि व्यक्तिवार तपशील आपण होऊन दोनच महिने राखला जातो. मालकानें जाऊन मुदत वाढविली तर साध्या खात्यांत तो चौदा महिन्यांपर्यंत राहतो. दिवाळीची विक्री मागच्या दिवाळीशीं बारकाईनें ताडून पाहूं इच्छिणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशीं माहीत असली पाहिजे. म्हणून साधन घेतांना दोन गोष्टी विचाराव्यात: नोंदी किती काळ राहतील, आणि त्या साध्या तक्त्याच्या रूपानें आपल्याला नेतां येतील काय?

ज्यांना वही आपल्याच घरीं हवी, त्यांच्यासाठीं माटोमो हें साधन आहे. तें २००७ सालीं पिविक या नांवानें सुरू झालें आणि २०१८ मध्यें त्याचें नांव बदललें. त्याची रचना खुली आहे. तें स्वतःच्या सर्व्हरवर बसवितां येतें, आणि सर्व्हरच्या जुन्या नोंदवह्याहि त्याला वाचतां येतात. मात्र घरच्या गाईची वैरण घरालाच करावी लागते. सर्व्हरचें भाडें, सुधारित आवृत्त्या बसविणें, सुरक्षितपणा राखणें, हें सारें मालकाकडे येतें. जाणता माणूस जवळ नसेल तर फुकटचें साधनहि चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला या म्हणीच्या वाटेनें जातें.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे: ज्याला आपण मोजतों, त्याचें काय? मोजणारें साधन किती पाहूं शकतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जानेवारी २०१० मध्यें फ्लरी नांवाच्या अमेरिकन कंपनीनें जाहीर केलें कीं, ॲपल कंपनीच्या कूपरटिनो येथील आवारांत कांहीं अनोळखीं उपकरणें वापरलीं जात असल्याचें तिच्या नोंदींत दिसतें, आणि तीं बहुधा नव्या टॅब्लेटचीं असावींत. इतर लोकांच्या ॲपमध्यें गुंफलेल्या मोजणीच्या संचानें ही बातमी पोंचविली होती. आयपॅड अजून जगापुढें यावयाचा होता. स्टीव्ह जॉब्स यांनीं त्याच वर्षीं जूनमध्यें जाहीर मुलाखतींत यावर आपला संताप व्यक्त केला, आणि ॲपलनें ॲप बांधणाऱ्यांसाठीं असलेले नियम कडक केले. जगांतील एक अत्यंत गुप्तताप्रिय कंपनी जर आपल्या आवारांतील गोष्ट लपवूं शकली नाहीं, तर आपल्या ॲपवर निजण्यापूर्वीं गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलाला ती कशी लपवितां येणार?

म्हणून कायदा यांत शिरला आहे. ऑस्ट्रियाच्या विदा-संरक्षण अधिकाऱ्यांनीं जानेवारी २०२२ मध्यें, आणि पाठोपाठ फ्रान्स व इटलीच्या अधिकाऱ्यांनीं त्याच वर्षीं, त्यांच्यापुढें आलेल्या प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, गुगल ॲनॅलिटिक्सच्या द्वारें युरोपीय वाचकांची माहिती अमेरिकेंत पाठविणें त्यांच्या कायद्याला धरून नव्हतें. पुढें जुलै २०२३ मध्यें युरोप आणि अमेरिका यांच्यांत नवी व्यवस्था ठरली आणि ती अडचण बरीच सैल झाली. पण एका निर्णयानें साधन अडचणींत येतें आणि दुसऱ्यानें मोकळें होतें, हा धडा राहिलाच. आपल्या देशांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें. त्यानंतर २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि त्यांतील मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत देण्यांत आली. या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलें असून, नियमांनीं दिलेले कांहीं अपवाद सोडतां, बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. मुलांचें संकेतस्थळ किंवा ॲप चालविणाऱ्यांनीं साधन निवडण्याआधीं हें कलम वाचावें, मागाहून नव्हे.

हा प्रश्न हलका करण्याचा सोपा मार्ग म्हणजे कमी टिपणें. एस्टोनियांतून चालणारें प्लॉझिबल, किंवा त्याच पंथाचीं दुसरीं साधनें, कुकी ठेवीत नाहींत, व्यक्तीचा माग काढीत नाहींत. कोणतें पान किती वेळां पाहिलें, वाचक कोणत्या ठिकाणाहून आले, एवढेंच सांगतात. त्यांचा तुकडा वजनानेंहि हलका असतो, ही गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची आहे. कारण जुन्या फोनवर आणि मंद जोडणीवर पान उघडतांना प्रत्येक जादा तुकडा वाचकाचा वेळ खातो. त्यांची तयार सेवा घेतली तर दरमहा वर्गणी पडते. तिचा विचार करतांना हेंहि लक्षांत घ्यावें कीं, फुकट साधन देणाऱ्या कंपनीलाहि आपला खर्च कोठून तरी भागवावाच लागतो.

आतां निवड सोपी होते. ज्या लहान संस्थेला केवळ काय वाचलें जातें एवढेंच जाणावयाचें आहे, तिनें सर्व्हरची नोंदवही आणि एखादें हलकें, कुकी न ठेवणारें साधन, यांवर भागवावें. जो व्यापारी गुगलवर पैसे देऊन जाहिराती करतो, त्याला गुगल ॲनॅलिटिक्स सोयीचें. जाहिरात आणि विक्री यांची सांगड तेथें चांगली बसते. ज्याच्याजवळ तांत्रिक मनुष्यबळ आहे आणि ज्याला नोंदी आपल्याच ताब्यांत हव्या आहेत, त्यानें माटोमो पाहावें. ॲप चालविणाऱ्यानें घटना मोजणारें साधन घ्यावें. पण पहिल्या दिवशीं शंभर घटना मांडूं नयेत. सहासातच घ्याव्यात, त्यांचीं नांवें विचारपूर्वक ठेवावींत, आणि कोणत्या नांवाचा काय अर्थ, हें एका कागदावर लिहून ठेवावें. तो कागद नसला म्हणजे बसविणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावर मागें राहिलेल्यांना तक्ते दिसतात, पण वाचतां येत नाहींत.

दोन साधनांत मन घुटमळत असेल, तर एक महिना दोन्हीं बसवावींत आणि ताडून पाहावें. आंकडे जुळणार नाहींत. ते जुळावेत अशी अपेक्षाहि करूं नये. फरक कां पडतो, याचें उत्तर ज्या दिवशीं देतां येईल, त्या दिवशीं दोन्हीं साधनें कळलीं असें समजावें आणि एक काढून टाकावें. शेवटीं, महिन्याच्या ठराविक दिवशीं तक्ता वाचण्याचें काम एका माणसाकडे नांवानिशीं सोंपवावें. कोणी वाचतच नसेल, तर केवळ साठविण्यासाठीं परक्या माणसांची माहिती गोळा करणें शोभत नाहीं.

आणि जेथें प्रत्यक्ष विचारतां येतें, तेथें विचारावें. त्या वाचनालयाच्या सभेंत ग्रंथपाल उठून म्हणाले असते, कीं बाल विभागांत येणाऱ्या मुलांना पुढच्या आठवड्यांत मीच विचारतों, तर ती सूचना कोणत्याहि साधनापेक्षां कमी मोलाची ठरली नसती. किती जण आले हें साधन सांगतें. कां आले हें बहुधा माणसालाच विचारावें लागतें. सर्व्हरची वही एकदां नीट वाचून आणि दहापांच मुलांशीं बोलून मग पुस्तिकेचा निर्णय घ्यावा, एवढेंच त्या सभेनें ठरविलें तरी पुरे. शिक्षिकेचें आणि चित्रकाराचें काम निदान चुकीच्या आंकड्यापायीं बुडणार नाहीं.